प्रवासाला वेगळा हलका लॅपटॉप, की घरीदारी एकच मशीन?

खटाटोप :
घरात या विषयावर खडाजंगी चालू आहे, म्हणून इथे मांडतो. माझं मत आधीच सांगून टाकतो : प्रवासाचा लॅपटॉप वेगळा हवा, आणि तो घेताना निकष एकच, वजन. बाकी सगळं दुय्यम.

ठाण्याच्या घरी असेंबल केलेला टॉवर (डेस्कटॉप) आहे. दोन हार्ड डिस्क, वीसेक वर्षांचे फोटो, मार्कशीटांपासून सोसायटीच्या कागदपत्रांपर्यंत सगळं त्यात. शिवाय गावच्या देवस्थानचे हिशेब टॅलीत असतात आणि दरवर्षीची स्मरणिकाही मीच लावतो. राजापूरला सारखी ये-जा. सध्याचा १५.६ इंची लॅपटॉप सव्वादोन किलोचा, वर अडॅप्टरची वीट वेगळी. राजापूर रोडला उतरून एसटी पकडेपर्यंत खांद्याचा भुगा होतो.

मॅकबुक एअर १३ इंची १.२४ किलो आहे, थिंकपॅड एक्स१ कार्बन नव्या पिढ्यांत १.१ किलोच्या आसपास, एलजी ग्रॅम १४ जेमतेम एक किलो. यातलं किंवा असंच काहीतरी घ्यायचं. ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी मला पुरे. निघताना ‘चालू’ नावाचं एकच फोल्डर टॉवरवरून घ्यायचं, परत आलो की उलटं टाकायचं. टॉवर धनी, लॅपटॉप गडी. विरोधी मतं येऊ द्यात.

कडीकोयंडा :
साफ असहमत. दोन मशीन म्हणजे दोन प्रती, आणि दोन प्रती म्हणजे ‘यातली ताजी कुठली?’ हा कायमचा घोर. ‘स्मरणिका_फायनल’, ‘स्मरणिका_फायनल२’, ‘स्मरणिका_हीच_घ्या’. प्रत्येकाच्या घरी आहे हे, कोणी कबूल करत नाही एवढंच.

एकच १४ इंची घ्या, १.३-१.४ किलोचा. घरी मॉनिटर आणि कीबोर्ड आहेतच. यूएसबी-सी पोर्टमधून डिस्प्ले आणि चार्जिंग दोन्ही चालणारा लॅपटॉप बघा. मॉनिटरलाही यूएसबी-सी असेल तर एकच केबल लावली की काम सुरू. नसेल तर मध्ये डॉक लागेल. मात्र दुकानदाराला नीट विचारा, कारण दिसायला सी-टाइप असलेला प्रत्येक पोर्ट हे करत नाही, काही फक्त डेटापुरते असतात. फोटोंना बाहेरची डिस्क. फायली इकडून तिकडे करायचा प्रश्नच मिटला.

आणि वजनाचं म्हणाल तर १.१ आणि १.४ मधला फरक अर्ध्या लिटरच्या भरलेल्या बाटलीहून कमी आहे. खरं वजन त्या विटेत आहे. ६५ वॉटचा छोटा गॅन (GaN, नव्या जातीचा आटोपशीर) चार्जर घ्या, फोनही त्यावरच होतो.

टॉवरवाला :
खटाटोपांशी सहमत, पण ‘फोल्डर घ्यायचं’ हे तुम्ही फार सहज लिहिलंय. कशावरून घेणार?

२.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर घरात सेकंदाला ४-५ एमबी मिळाले तरी नशीब. केबल लावाल, तर ब्रॉडबँडवाले देतात त्यातल्या बऱ्याच स्वस्त राउटरांचे लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात. म्हणजे सेकंदाला ११-१२ एमबी. २०० जीबी फोटोंना पाच तास. तेच गिगाबिट (१००० एमबीपीएस) पोर्टवर अर्ध्या तासात. राउटरचं झंझट नको असेल तर दोन्ही मशीन थेट एका केबलने जोडा. पूर्वी त्यासाठी क्रॉसओव्हर केबल लागायची, गिगाबिट पोर्टना साधी चालते. दोघांना १६९.२५४ ने सुरू होणारे नेटवर्कचे पत्ते आपोआप मिळतात, ते बघून घाबरू नका. हलक्या लॅपटॉपांना लॅन पोर्ट नसतोच, तेव्हा यूएसबीचा गिगाबिट अडॅप्टर हिशेबात धरा.

पुढची डोकेदुखी विंडोजची. घरातल्या मशीनांत फायली वाटून घ्यायची सोय, म्हणजे जुनं होमग्रुप, विंडोज १० मधून २०१८ साली काढून टाकलं. २०१७ च्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसनंतर एसएमबीची (विंडोज नेटवर्कवर फायली देते-घेते ती पद्धत) पहिली आवृत्तीही नव्या विंडोजमध्ये बंदच येते, त्यामुळे एक्सपीच्या काळातलं मशीन घरात असेल तर ते दिसत नाही. दोन्हीकडे नेटवर्क ‘पब्लिक’ आहे का ते बघा, घरच्या नेटवर्कला ‘प्रायव्हेट’ करा. आणि ज्यावर सगळे अडतात ते : दुसऱ्या मशीनवर शिरताना तुम्ही रोज टाकता तो चार आकडी पिन चालत नाही, खात्याचा खरा पासवर्ड लागतो. तो कोणालाच आठवत नसतो.

मधलाबाक :
अरे बापरे. एवढ्या उपद्व्यापात मी जत्रा उरकून येईन. लोकलसेंड ॲप टाका दोन्हीकडे, फुकट आहे, वायफाय एकच असलं की फाइल ढकलली, झालं. विंडोज, मॅक, अँड्रॉइड सगळीकडे चालतं, खातं काढावं लागत नाही. आणि ढीगभर असेल तर सरळ बाहेरची एसएसडी. (ह.घ्या.)

टॉवरवाला :
चार फोटो पाठवायला लोकलसेंड उत्तमच, मीही वापरतो. पण वायफाय संथ असेल तर ॲप कितीही गोड असो, वेग तोच. आणि बाहेरची डिस्क किंवा पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल घेतच नाही, लग्नाचा व्हिडिओ तिथे अडकतो. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या, मॅकलाही लिहिता येतं. विंडोजचं नेहमीचं एनटीएफएस मॅक वाचतो, पण त्यावर आपणहून लिहीत नाही.

नाचणी :
खटाटोप दादा, स्मरणिका कशात लावता? हा प्रश्न वजनाच्या आधी सोडवा.

मी डीटीपी (छपाईसाठी पानं लावायचं काम) करते. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टांतल्या फायली नव्या लॅपटॉपवर नेल्या की काय होतं ते सांगते. फाइल येते, साइझ बरोब्बर, तारीख बरोब्बर, उघडली की आत अक्षरशः भुतं नाचतात. ‘गणेशोत्सव’च्या जागी रोमन अक्षरं, मध्येच एखादं डोक्यावर टिंब दिलेलं परदेशी अक्षर. फाइल बिघडलेली नसते. त्या काळी या फायली युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचे कोड देणारी पद्धत) टाइप होत नसत, रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असायचे. तो नेमका फॉन्ट नव्या मशीनवर नसेल तर खालची रोमन उघडी पडतात. लोक ‘डाक्युमेंट्स’ उचलतात आणि सी ड्राइव्हमधल्या विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरला हात लावत नाहीत.

एकाच नावाच्या फॉन्टच्या दोन पिढ्या असतील तर आणखी मजा. सगळं वाचता येतं, फक्त रफार आणि जोडाक्षरं हलतात. हे प्रूफ बघतानाच कळतं, कॉपी करताना नाही. बरं, फॉन्ट नेले तरी टायपिंगचं सॉफ्टवेअर लायसनने जुन्या मशीनला बांधलेलं असू शकतं. म्हणून माझं मत : असं काम एकाच मशीनवर करा. प्रवासात वाचायलाच हवं असेल तर फॉन्ट आत घेतलेली पीडीएफ न्या. आणि यंदापासून स्मरणिका युनिकोडमध्ये लावा, पुढची पिढी दुवा देईल.

लोणचं_मुरलेलं :
नाचणीताईंना +१. टॅलीचंही तेच हो. टॅलीचा डेटा म्हणजे एखादी एक्सेल नव्हे, कंपनीच्या क्रमांकाचं अख्खं फोल्डर असतं. राजापूरला बसून दहा व्हाउचर लॅपटॉपवर टाकली आणि तेवढ्यात घरी चिरंजिवांनी टॉवरवर दोन देणग्यांच्या पावत्या चढवल्या, तर परतल्यावर एक फोल्डर दुसऱ्यावर टाकायचं म्हणजे कोणाच्या तरी नोंदी पुसायच्या. धनी-गडी नात्यात इथे घोळ होणारच.

दिवेलागण :
तुम्ही लोक अजून कॉपी-पेस्टच्या जमान्यात आहात. क्लाउडवर टाका ना! ड्राइव्ह, वनड्राइव्ह, काहीही. लॅपटॉप हरवला तरी कामं सुखरूप.

कडीकोयंडा :
दिवेलागण, कोकण रेल्वेत बसून लिहिताय का हे? एकट्या करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, आणि बोगद्याबाहेरही घाटात रेंजचा काय भरवसा. वनड्राइव्हमध्ये फाइलचं नाव दिसतं, शेजारी ढगाचं चिन्ह असतं, आपण खूश. ती प्रत्यक्षात मशीनवर नाही हे उघडायला गेल्यावर कळतं. निघण्याआधी फोल्डरवर उजवी टिचकी मारून ‘या मशीनवर कायम ठेव’ असं सांगावं लागतं.

तरीही दोन मशीनच ठेवायची असतील तर हाताने कॉपी करण्यापेक्षा क्लाउड बरा, एवढं मान्य.

खटाटोप :
बऱ्याच गोष्टी नव्याने कळल्या. टॅलीचा मुद्दा बिनतोड, ती लॅपटॉपवर येणार नाही. स्मरणिकेचा मजकूर आता युनिकोडमध्येच येतो, पण जुने अंक श्रीलिपीत आहेत, त्यांच्या पीडीएफ करून ठेवतो.

‘ताजी कुठली’ यावर मात्र कडीकोयंडांना उत्तर आहे. सिंकथिंग नावाचं सॉफ्टवेअर. दोन मशीन एकाच नेटवर्कवर आली की ‘चालू’ फोल्डर आपोआप सारखं होतं, मध्ये कोणाचा सर्व्हर लागत नाही. तीच फाइल दोन्हीकडे बदलली असेल तर एक प्रत नावात ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ आणि तारीख-वेळ घालून बाजूला ठेवतं, गुपचूप पुसत नाही.

टॉवरवाला :
ते ठीक, पण सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. लॅपटॉपवर चुकून डिलीट केलंत की घरी पोचताच टॉवरवरचंही जातं, तेही तत्परतेने. सिंकथिंगमध्ये जुन्या आवृत्त्या ठेवायची सोय आहे, पण ती आपण चालू करावी लागते. रोबोकॉपीला (विंडोजची कॉपी करायची कमांड) ‘मिरर’ सांगून कॉपी करणाऱ्यांनाही हाच इशारा : उगमात नसलेलं सगळं ते मुक्कामी पोचून पुसतं. दिशा उलटी दिलीत तर संपलं. तिसरी प्रत, कपाटात ठेवलेली, हवीच.

मधलाबाक :
लॅपटॉप कुठला घ्यायचा हे राहिलंच की. ८ जीबी पुरे म्हणता? पातळ मशीनमध्ये रॅम बहुधा बोर्डावरच डकवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. ब्राउझरच्या पंधरा टॅब आणि एक व्हिडिओ कॉल झाला की घामाघूम. १६ जीबीच्या खाली जाऊ नका, हवं तर वजनात शंभर ग्रॅम सोडा. रॅमसाठी आयुष्यभर रडण्यापेक्षा खांदा थोडा दुखलेला बरा.

लोणचं_मुरलेलं :
नवा कशाला? कंपन्यांतून निघालेले एक्स१ कार्बन लॅमिंग्टन रोडला आणि इतरत्रही मिळतात. कीबोर्ड नव्या स्वस्त लॅपटॉपांपेक्षा दसपट चांगला. फक्त तीन गोष्टी समोर उभं राहून तपासा. इंटेलची किमान आठवी पिढी हवी, त्याआधीच्यांना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कमांड प्रॉम्प्टवर पॉवरसीएफजी (powercfg) या कमांडने बॅटरी रिपोर्ट काढा. मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता दोन्ही त्यात लिहिलेल्या असतात, दुकानदाराच्या ‘चार तास आरामात’वर जाऊ नका. आणि बायोसला (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या सेटिंगला) जुन्या कंपनीचा पासवर्ड नाही ना, हे बघा.

नाचणी :
दादा, सव्वादोन किलोवाला विकणार असाल तर आधी त्याची डिस्क बाहेर काढू नका, मशीन चालू असतानाच फायली काढा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर डिस्क दुसरीकडे लावल्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागते. बऱ्याच लॅपटॉपांवर ते आपोआप चालू झालेलं असतं आणि मालकाला पत्ता नसतो. की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते, म्हणजे ते खातं कोणतं हे आठवत असेल तर.

खटाटोप :
तर माझा बेत असा. जुना एक्स१ कार्बन, १६ जीबी. ‘चालू’ फोल्डर सिंकथिंगवर, जुन्या आवृत्त्या चालू करून. टॅली घरच्या टॉवरवरच, गावाहून लागली तर रिमोटने टॉवर उघडेन. मत बदललेलं नाही, दोन मशीनच.

कडीकोयंडा :
रिमोटने! टॉवरला विंडोज होम असेल तर त्यात बाहेरून शिरायचं रिमोट डेस्कटॉप नसतंच, प्रो लागतं, नाहीतर एनीडेस्कसारखं दुरून मशीन चालवायचं काहीतरी सॉफ्टवेअर. बरं ते झालं. ठाण्यात दोन मिनिटं वीज गेली आणि टॉवर बंद पडला, की राजापुरातून बटण कोण दाबणार?

टॉवरवाला :
बायोसमध्ये वीज परत आली की आपोआप चालू व्हायची सेटिंग असते, ती लावा. विंडोजला झोपू देऊ नका. राउटरला छोटा यूपीएस.

कडीकोयंडा :
आणि एवढं सगळं १.४ किलोचा एक लॅपटॉप नको म्हणून. चालू द्या.