ओल्या वाळूतले प्रतिबिंब फोटोत फिके का येते?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर)

नमस्कार. गेल्या महिन्यात आम्ही गगनबावड्यामार्गे समुद्रकाठच्या कुणकेश्वरला गेलो होतो. संध्याकाळी लाट मागे सरली की ओल्या वाळूत देवळाचे शिखर आणि गुलाबी ढग इतके स्वच्छ उमटत होते की तासभर माझा पाय तेथून निघाला नाही. घरी येऊन पाहतो तर निम्म्याहून अधिक फोटोंत वाळू नुसती करडी दिसते आणि प्रतिबिंब असून नसल्यासारखे आहे. लेन्सवर पोलरायझर फिल्टर होता आणि मी उभ्यानेच फोटो काढत होतो. लाइटरूम या फोटो-एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये खालचा भाग उजळून पाहिला, पण चित्र खोटे वाटू लागले. चूक फोटो काढताना झाली की एडिटिंगमध्ये? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर (मंगळवार पेठ)

दादा, चूक मुख्यतः पोलरायझरची आणि उंचीची आहे. पाण्यावरून परावर्तित झालेला प्रकाश, पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांचा कोन करून पाहिला असता, पूर्णपणे ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणारा) असतो आणि पोलरायझर नेमका तोच अडवू शकतो. दीड मीटर उंचीवर कॅमेरा धरून तुम्ही दोन मीटर पुढच्या वाळूकडे पाहता, तेव्हा हा कोन जवळपास ३७ अंशच भरतो. म्हणजे जे टिपायला तुम्ही गेलात, तेच फिल्टरने पुसून टाकले. एखाद्या संध्याकाळी रंकाळा तलावावर जाऊन काठाजवळच्या पाण्याकडे पाहत तो फिल्टर सावकाश फिरवून पाहा. एका स्थितीत आकाश पाण्यातून नाहीसे होऊन तळ दिसू लागेल, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की पुन्हा विसरणार नाही.

दुसरी गोष्ट अशी की, पाण्याकडे सरळ वरून पाहिले तर ते जेमतेम २ टक्के प्रकाश परत पाठवते, आणि पृष्ठभागाला लागून, १० अंशांच्या कोनातून पाहिले तर सुमारे ३५ टक्के. म्हणून फिल्टर काढा, गुडघे टेका आणि कॅमेरा वाळूपासून वीतभर उंचीवर आणा. फोकस वाळूवर करू नका. प्रतिबिंबातले शिखर प्रत्यक्ष शिखराइतकेच दूर असते, त्यामुळे फोकस शिखरावर ठेवून अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र) लहान, एफ/११ च्या आसपास घ्यावे, म्हणजे जवळच्या वाळूचा पोतही बऱ्यापैकी सांभाळला जातो.

उत्तर (शाहूपुरी)

वरील उत्तराशी पूर्ण सहमत आहे. एडिटिंगविषयी थोडे लिहितो. प्रतिबिंब हे मूळ आकाशापेक्षा नेहमी गडद असते, कारण सगळा प्रकाश परत येत नाही. आपण खालचा भाग आकाशाइतका किंवा त्याहून उजळ केला, की कारण सांगता न येणाऱ्या माणसालाही काहीतरी बिघडल्याचे जाणवते. लिनिअर ग्रेडियंट मास्क (परिणाम हळूहळू कमी करत नेणारा पट्टा) खालून वर ओढून उजेड वाढवा, पण आकाशाच्या एक पायरी खालीच थांबा. क्लॅरिटी आणि टेक्स्चर (बारकावे ठळक करणारे स्लायडर) त्या भागात वाढवू नका. प्रतिबिंबाचा मऊपणा जाऊन वाळूचे कण तेवढे टोचू लागतात. ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने आपोआप केलेला रंगसमतोल) मावळतीचा तांबूस रंग धुऊन काढतो, म्हणून रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) घेऊन रंग स्वतः ठरवावा.

काही जण वरचा अर्धा भाग उलटा करून खाली चिकटवतात, ते मला मुळीच पटत नाही. वाळूतले देऊळ म्हणजे देवळाचा पालथा फोटो नव्हे. प्रतिबिंबात ते थोडे खालून पाहिल्यासारखे दिसते, आणि छज्जाखालचा जो भाग आपल्याला सरळ दिसत नाही, तो तेथे दिसू शकतो.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. फिल्टरचा हा गुण माझ्या ध्यानीमनी नव्हता. आता जाण्यासाठी दिवस कोणता निवडावा?

उत्तर (मूळ देवगड, सध्या कोल्हापूर)

आमच्याकडे जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. पौर्णिमा म्हणजे पंधरा, तिची पाऊणपट सव्वाअकरा. त्यापुढे सव्वासहा तासांनी, म्हणजे साडेपाचच्या सुमारास ओहोटी. हिशेब ढोबळ आहे, पण दिवस ठरवायला पुरतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, पाणी सर्वांत लांब ओसरते आणि तेही नेमके सूर्यास्ताच्या सुमारास, त्यामुळे सपाट ओली वाळू भरपूर मिळते. अष्टमीला याच्या उलट, सहाच्या सुमारास भरती असते.

लाट परतल्यावर वाळूवर राहिलेला पाण्याचा पातळ थर काही क्षणांतच मुरतो आणि चकाकी कडेकडून विझत येते. तेवढ्यात फोटो घ्यायचा, म्हणून चौकट आधीच जुळवून लाटेची वाट पाहावी. ट्रायपॉडचे पाय आधी दाबून रोवावेत, कारण परतणारे पाणी त्यांच्याखालची वाळू ओढून नेते आणि क्षितिज कलते. मुक्कामी परतल्याबरोबर ते पाय गोड्या पाण्याने धुवावेत.