हातातून भोपळा सुटला आणि माझा हात सुटला. राग आवरायला तुम्ही नेमकं काय करता?

तंबोरेवाला, मिरज

अस्सलामु अलैकुम. वय 46. मिरजेत सतार-तंबोरे बनवतो, घरातली तिसरी पिढी. मुलगा 14 वर्षांचा, सुट्टीत कारखान्यात येतो. गेल्या मंगळवारी माळ्यावरून भोपळा उतरवताना त्याच्या हातून सुटला. मोठ्या मर्दानी तंबोऱ्याच्या मापाचा होता. पंढरपूरकडचा, नीट वाळवलेला. असा घेर शंभरात एखाद्यालाच मिळतो. खाली पडल्यावर फार आवाजही झाला नाही, फरशीवर नारळ टाकावा तसा ठक्क, आणि देठापासून खालपर्यंत तडा.

मी घोडीवर, म्हणजे तारांखालच्या पट्टीवर, कानस धरून जवारी काढत होतो, तारेचा झंकार जुळवत होतो. उठलो आणि त्याच्या कानाखाली मारली. गिऱ्हाईक समोर बसलेलं. पोरगं आधीच म्हणत होतं, "अब्बा, चुकून झालं." ते मला ऐकू आलं होतं. ऐकूनही मारलं. तेव्हापासून तो कारखान्यात आलेला नाही. घरात मी एका खोलीत गेलो की तो दुसऱ्या खोलीत जातो.

पाच वक्ताची नमाज पढतो. कुणीतरी नसीहत मागितली तेव्हा प्रेषितांनी (स.) पुन्हा पुन्हा एकच सांगितलं, "राग करू नकोस." ही हदीस, म्हणजे प्रेषितांचं वचन, लहानपणापासून पाठ आहे. पण त्या क्षणी ती आठवत नाही. ज्यांना खरंच फरक पडलाय त्यांनी आपला अनुभव सांगावा.

राजापूरची खाला

व अलैकुम अस्सलाम, भाऊ. माझ्या घरात सासूबाई, दोन दीर, एक चूल. मी वुजूला, म्हणजे नमाजआधीचे हातपाय-तोंड धुवायला, जाते. राग आला की वुजू करावा, ही हदीस कुणाकडून कुणाकडे आली त्या सनदीवर उलेमांमध्ये मतभेद आहेत, पण मला तिचा उपयोग झालाय तो असा: पडवीतल्या नळापर्यंत जायला लागतं. तेवढ्यात मी त्या माणसासमोरून उठलेली असते. कोपरापर्यंत पाणी गेलं की तोंडात आलेला शब्द गिळता येतो. परत येते तेव्हा सासूबाईंनीही विषय बदललेला असतो.

एक विचारू? त्या दिवशी दुपारी जेवला होतात का?

तंबोरेवाला, मिरज

नाही, खाला. पुण्याची ऑर्डर होती, सकाळपासून दोन चहा. हे मनातसुद्धा आलं नव्हतं.

हाफिज, कोल्हापूर

भाईसाहेब, तुमचा भोपळा वाचून प्रेषितांचे साथी हजरत अबू जर (र.) यांचा हौद आठवला. ते हौदावर जनावरांना पाणी पाजत होते. एकजण मुद्दाम त्यांना डिवचायला आला आणि हौद फोडला. अबू जर उभे होते ते खाली बसले, मग आडवे झाले. लोकांनी विचारलं, हे काय? तेव्हा ते म्हणाले, प्रेषितांनी (स.) सांगितलंय, उभं असताना राग आला तर बसा, गेला तर ठीक, नाहीतर आडवे व्हा.

तुम्ही बसलेले होतात आणि उठलात. तेवढंच उलटं झालं. बसलेल्या माणसाचा हात लांबवर पोचत नाही, आडव्याचा तर मुळीच नाही. हदीस आठवेल तेव्हा आठवेल, पण बुड पाटावरून हलवायचं नाही, एवढं शरीराला शिकवता येतं. जवारीला हात बसवलात तसंच हे.

कुरआनातल्या आले इमरान या सूरेच्या 134व्या आयतीत राग गिळणाऱ्यांसाठी जो शब्द आहे, त्याच्या मुळाशी भरलेल्या पखालीचं तोंड आवळून बांधणं आहे. म्हणजे आत पाणी आहेच. राग येणं गुन्हा नाही. आणि आयत तिथेच थांबत नाही, पुढे लोकांना माफ करणं आहे, त्यापुढे भलाई.

पण माझ्या मते तुमचं खरं काम पुढे आहे. प्रेषितांचे दुसरे एक साथी अबू मसऊद (र.) गुलामाला चाबकानं मारत होते. मागून आवाज आला, रागात ओळखूही आला नाही. जवळ आले तर ते प्रेषित (स.) होते. म्हणाले, "अबू मसऊद, तुझा याच्यावर जेवढा जोर चालतो, त्याहून अल्लाहचा तुझ्यावर जास्त चालतो." अबू मसऊदनी त्या गुलामाला तिथेच आजाद केलं. नुसती तौबा करून गप्प बसले नाहीत. तुमच्या मुलाचा हक्क तुमच्याकडे राहिलाय. तो नमाजच्या मुसल्यावर बसून फिटणार नाही, त्याच्याकडेच जावं लागेल.

सांगलीकर

एका थपडेचं एवढं काय? आमच्या वस्तादांनी आम्हाला पट्टीनं मारलं म्हणून हातात कला आली. बापानं पोराची माफी मागितली तर धाक राहील का?

हाफिज, कोल्हापूर

भाऊ, हजरत अनस (र.) लहान वयात प्रेषितांच्या (स.) सेवेत आले आणि दहा वर्षं राहिले. त्यांना कधी "उफ्"सुद्धा ऐकावं लागलं नाही. एकदा कामाला पाठवलं तर बाजारात पोरांचा खेळ बघत थांबले. मागून मानेवर हात पडला. वळून बघतात तर प्रेषित (स.) हसत होते. लाडानं म्हणाले, "अरे उनैस (म्हणजे छोट्या अनस), सांगितलं तिथे गेलास का?" अनस म्हणाले, "हो, निघालोच." मानेवर हात तिथेही पडला होता, भाऊ. आयुष्यभर तो हात त्यांनी प्रेमानं सांगितला.

राजापूरची खाला

आणि सांगलीकर भाऊ, कला पट्टीमुळे आली की पट्टी असूनही आली? माझ्या भावाला असंच मारून शिकवलं, त्यानं धंदाच सोडला.

तंबोरेवाला, मिरज

आठ दिवसांनी लिहितोय. हाफिजसाहेब, तुमचा निरोप वाचला त्या रात्री मुलाच्या खोलीत गेलो. उभ्यानं बोलायला लागलो, मग आठवलं आणि जमिनीवर बसलो. म्हटलं, भोपळा गेला ते नशीब, तुला मारलं ती माझी चूक, तू चुकून झालं म्हणालास ते मी ऐकलं होतं. माफ कर. तो काही बोलला नाही. भिंतीकडे तोंड करून होता. मी बराच वेळ तिथेच बसून राहिलो.

आता एकला हातातलं काम ठेवून जेवतो, ऑर्डर कुणाचीही असो. परवा तार लावताना खुंटी फिरली, तार तुटून बोटाला लागली, शिव्या तोंडाशी आल्या. पाटावरून हललो नाही. "अऊजु बिल्लाह", अल्लाहचा आसरा मागतो, म्हटलं. उठलो नाही, हे मला फार मोठं वाटलं.

काल तो कारखान्यात आला. माझ्यापासून लांब, दाराजवळच्या स्टुलावर बसला. नंतर जरा सरकून जवळ आला. त्याच्या पलीकडची कानस घ्यायला मी हात पुढे केला तर त्यानं मान खांद्यात ओढून घेतली. मी हात खाली ठेवला आणि म्हटलं, "तूच दे." त्यानं कानस उचलून दिली.