वडिलांच्या काळातला गोबरगॅस पुन्हा सुरू करावा का?

मलप्रभाकाठ:
खानापूर तालुक्यात आमच्या घरी पाच म्हशी आहेत. वडिलांनी 1980च्या दशकात अनुदान घेऊन बांधलेला, वायू साठवणाऱ्या लोखंडी हंड्याचा गोबरगॅस गोठ्यामागे आहे, पण हंडा गंजून गळू लागल्यापासून तो बंद पडला आणि सगळा स्वयंपाक सिलिंडरवर आला. जगातले तेल पन्नास वर्षांत संपणार, असे मुलगा शाळेतून ऐकून आला आणि घरात चर्चा सुरू झाली. खनिज इंधनाचे उत्पादन खरोखरच घटत आहे का, आणि त्या भीतीने जुन्या टाकीवर खर्च करावा का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

टिळकवाडीकर:
पन्नास वर्षे हा आकडा म्हणजे ज्ञात साठ्याला एका वर्षाच्या उत्पादनाने भागून आलेले उत्तर आहे. 1980च्या सुमारास हाच भागाकार तीस वर्षांच्या आसपास येत होता. नवे साठे सापडत गेले, उपशाचे तंत्र सुधारले आणि तीस वर्षे उलटूनही तेल संपले नाही. अमेरिकेचे उत्पादन 1970 नंतर घटत गेले होते, पण शेल खडकातून तेल काढता येऊ लागल्यावर त्याने जुना उच्चांकही ओलांडला. ब्रिटनच्या उत्तर समुद्रातले उत्पादन मात्र 1999 नंतर उतरले ते सावरलेच नाही. म्हणजे घट देशागणिक आणि क्षेत्रागणिक वेगळी असते.

आपल्या देशाचे चित्र अधिक चिंतेचे आहे. मुंबई हाय या अरबी समुद्रातल्या तेलक्षेत्राचा शोध 1974 मध्ये लागला, पण ते क्षेत्र आता जुने झाले आहे. 2011-12 मध्ये देशात सुमारे 3 कोटी 80 लाख टन कच्चे तेल निघत होते, ते 2023-24 मध्ये 2 कोटी 90 लाख टनांच्या आसपास आले. कोळशाचे नेमके उलट झाले असून 2024-25 मध्ये त्याचे उत्पादन 100 कोटी टनांच्या पुढे गेले. कच्च्या तेलाची 85 टक्क्यांहून अधिक आणि स्वयंपाकाच्या गॅसची सुमारे 60 टक्के गरज आपण आयातीतून भागवतो, आणि हा गॅस मुख्यतः आखाती देशांतून येतो. त्यामुळे तेल संपेल या भीतीपेक्षा, आपल्या चुलीचा भाव दूरच्या घडामोडींवर ठरतो, हे कारण मला अधिक खरे वाटते.

कडोलीची गृहिणी:
आमच्याकडे 2 घनमीटरची दीनबंधू पद्धतीची, म्हणजे हंड्याऐवजी पक्का घुमट असलेली टाकी आहे, म्हणून अनुभवाने लिहिते. तिला रोज सुमारे 50 किलो ताजे शेण आणि तितकेच पाणी लागते. एक किलो शेणातून साधारण 40 लिटर वायू मिळतो आणि एक घनमीटर वायू सिलिंडरमधल्या 430 ग्रॅम गॅसचे काम करतो. या हिशेबाने 14.2 किलोच्या एका सिलिंडरसाठी 33 घनमीटर वायू लागतो, म्हणजे टाकी पूर्ण चालली तर महिन्याला जवळजवळ दोन सिलिंडर वाचतात. मात्र म्हशी दिवसभर चरायला जात असतील, तर निम्मे शेण रानातच राहते. तेव्हा दादा, आधी आठवडाभर गोठ्यातले शेण प्रत्यक्ष मोजा.

डिसेंबर-जानेवारीत गारठ्याने वायू कमी होतो. आम्ही पाणी उन्हात तापवून शेणात कालवतो, त्याने थोडा फरक पडतो. ज्योत फडफडू लागली की नळीत पाणी साचले असे समजावे. टाकीतून बाहेर येणारी राबडी, म्हणजे वायू निघाल्यावर उरलेला पातळ शेणकाला, आमच्या भाजीच्या वाफ्यांना जाते, आणि शेणी थापून जाळण्यात जे खत वाया जात होते ते आता शेतात पडते. माझ्या मते गॅसइतकेच मोल त्याचे आहे.

निपाणीचा ऊस उत्पादक:
आमच्या भागात साखर कारखान्यांच्या प्रेसमडपासून, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळापासून, गॅस करण्याची चर्चा आहे, परंतु साधारण 25 टन प्रेसमडमधून एक टन शुद्ध गॅस मिळतो आणि गाळप हंगाम संपला की ताजा कच्चा माल थांबतो. केंद्राने 2018 मध्ये असा गॅस करणाऱ्या 5,000 प्रकल्पांचे लक्ष्य ठेवले होते, प्रत्यक्षातली संख्या त्याच्या जवळपासही गेली नाही. घरच्या टाकीला ही अडचण नाही. आपल्या गोबरगॅसच्या जुन्या विहिरीचे, म्हणजे शेण कुजते त्या खड्ड्याचे, बांधकाम पक्के असेल, तर लोखंडाऐवजी फायबरचा हंडा बसवावा, कारण या वायूतला हायड्रोजन सल्फाइड लोखंड खातो.

मलप्रभाकाठ:
सर्वांचे आभार. म्हशी सकाळी चरायला जातात, त्यामुळे ताईंनी सांगितल्याप्रमाणे उद्यापासून शेण मोजतो. ते रोज 50 किलोच्या आसपास भरले, तर संक्रांतीनंतर विहीर रिकामी करून गवंड्याला दाखवीन.