शिक्षक आणि पालक यांचे प्रशिक्षण: एकत्र घ्यावे की स्वतंत्र?

प्रशिक्षण_समन्वयक

नमस्कार.

मी एका विशेष शाळेत काम करते. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता आणि बहुविकलांगता असलेली मुले आमच्याकडे शिकतात. पुढील शैक्षणिक वर्षासाठी शिक्षक आणि पालक या दोहोंच्या प्रशिक्षणाचा आराखडा तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. ते करताना पडलेले काही प्रश्न येथील अनुभवी मंडळींसमोर मांडते.

आजवरची पद्धत अशी, की सत्र सुरू होण्यापूर्वी शिक्षकांसाठी सलग काही दिवसांची कार्यशाळा होते आणि पालकांसाठी वर्षातून अधूनमधून तज्ज्ञांची व्याख्याने होतात. वक्ते जाणकार असतात, विषयही योग्य असतात आणि शेवटी भरून घेतलेल्या अभिप्राय-पत्रकांत बहुतेकांनी समाधान व्यक्त केलेले असते. परंतु काही आठवड्यांनी वर्गात जाऊन बसले, तर शिकलेल्यापैकी फारच थोडे वापरात दिसते. घरी काय होते, याची तर आम्हाला पुरेशी कल्पनाही नसते. एखादे मूल शाळेत चित्रकार्ड हातात देऊन पाणी मागते आणि त्याच पाण्यासाठी घरी रडते, हे पालकांशी सहज बोलताना समजते.

शिक्षक आणि पालक यांना एकत्र बसवावे का? तसे केल्यास पालक मोकळेपणाने बोलतील का, आणि शिक्षकांना आपली परीक्षा होत असल्यासारखे वाटणार नाही ना? वेळ मर्यादित असताना भर नेमका कशावर द्यावा? आणि प्रशिक्षणाचा उपयोग झाला की नाही, हे अभिप्राय-पत्रकाखेरीज कशावरून ओळखावे?

शिकवणाऱ्यांचा_शिक्षक

आपण वर्णन केलेली अडचण प्रशिक्षणाच्या क्षेत्रात फार जुनी आहे आणि तिच्यावर पुष्कळ विचार झालेला आहे. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी 1980 च्या सुमारास सेवांतर्गत शिक्षक-प्रशिक्षणाचा अभ्यास करून जे मांडले, त्याचा आशय असा, की केवळ सिद्धान्त सांगून किंवा प्रात्यक्षिक दाखवून शिक्षकाला नवी पद्धत समजते, पण ती त्याच्या वर्गात उतरत नाही. ती उतरण्यासाठी सराव, त्या सरावावर मिळणारा प्रतिसाद आणि त्यानंतर प्रत्यक्ष वर्गात कोणीतरी सोबत राहून केलेले मार्गदर्शन लागते. आपल्या कार्यशाळेत पहिल्या दोन गोष्टी आहेत, उरलेल्या बहुधा नाहीत. त्यामुळे वक्ते बदलून किंवा दिवस वाढवून परिणाम बदलेल, असे मला वाटत नाही.

वर्तन-विश्लेषणाच्या क्षेत्रात कौशल्य शिकवण्याची जी चौपदरी रीत रूढ आहे, ती शिक्षकांना आणि पालकांना सारखीच लागू पडते. आधी पायऱ्या थोडक्यात सांगायच्या, मग त्या करून दाखवायच्या, मग शिकणाऱ्याकडून करून घ्यायच्या आणि लगेच प्रतिसाद द्यायचा. यातील शेवटच्या दोन पायऱ्या एकदा करून थांबायचे नसते. शिकणारी व्यक्ती ती कृती ठरलेल्या पातळीपर्यंत बिनचूक करू लागेपर्यंत त्या पुन्हा पुन्हा घ्यायच्या असतात. वेळ कमी आहे म्हणून नेमका हाच भाग गाळला जातो, आणि सर्वाधिक नुकसान तिथेच होते. दहा विषयांची ओळख करून देण्यापेक्षा दोन कौशल्ये पक्की करून घेणे केव्हाही श्रेयस्कर.

मूल शाळेत कार्ड देते आणि घरी रडते, यामागेही स्पष्ट कारण आहे. ट्रेव्हर स्टोक्स आणि डोनाल्ड बेअर यांनी 1977 मध्ये दाखवून दिले, की एका ठिकाणी शिकवलेले वर्तन दुसऱ्या ठिकाणी आपोआप दिसेल, अशी आशा धरून बसणे ही सर्वांत प्रचलित आणि सर्वांत कमकुवत रीत आहे. जागा, माणसे आणि वस्तू बदलून तेच कौशल्य जाणीवपूर्वक शिकवावे लागते. याचा अर्थ, घर हा अध्यापनाचाच एक भाग आहे. मग घरातील माणसांना वेगळ्या सभागृहात वेगळे व्याख्यान देऊन ते कसे साधेल?

म्हणून माझे मत असे, की मुलाशी निगडित कौशल्यांचे प्रशिक्षण एकत्रच घ्यावे, परंतु पन्नास जणांच्या सभेत नव्हे. एक मूल, त्याचे शिक्षक, त्याचे पालक आणि त्याच्या वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यातील एक उद्दिष्ट, एवढाच गट असावा. नवीन भावंडाचे आगमन, पालकत्वातील थकवा, मुलाच्या भविष्याची चिंता यांसारख्या विषयांसाठी पालकांच्या स्वतंत्र बैठका अवश्य ठेवाव्यात, आणि शिक्षकांना आपल्या अडचणी निर्भयपणे मांडण्यासाठीही वेगळी जागा असावी.

एक_आई

वरील प्रतिसादातील छोट्या गटाच्या सूचनेला पालक म्हणून माझा मनापासून पाठिंबा आहे. आम्हाला व्याख्यानांतून माहिती मिळते आणि ती मिळायलाही हवी, पण मुलाजवळ बसल्यावर आपला हात नेमका कुठे ठेवायचा, हे व्याख्यानातून कळत नाही.

माझ्या मुलाला दप्तराची चेन लावायला शिकवण्याचे उद्दिष्ट त्याच्या आराखड्यात होते. त्याच्या बाईंनी मला वर्गात बोलावले आणि आधी स्वतः करून दाखवले. चेन जवळजवळ पूर्ण त्यांनी ओढली आणि शेवटचे बोटभर अंतर त्याच्यासाठी ठेवले, म्हणजे काम पूर्ण झाल्याचा आनंद त्याला मिळाला. तेवढे त्याला जमू लागल्यावर त्या ओढण्याचे अंतर मागे मागे नेत गेल्या. मग त्यांनी मला त्याच्या मागे बसवले. समोर बसून हात धरला, तर आपल्या हाताची दिशा त्याच्या उलट पडते, हे कारण त्यांनी आधीच सांगितले होते. मदतीचा हात बोटांवरून मनगटावर, मनगटावरून कोपरावर आणि शेवटी बाजूला कसा न्यायचा, हे त्या मला तिथल्या तिथे सांगत होत्या. ‘आता थांबा, त्याला वेळ द्या’ हे त्यांचे वाक्य मला सर्वाधिक उपयोगी पडले. कारण थांबणे हेही शिकावे लागते, आणि घाईच्या सकाळी ते सर्वांत कठीण असते.

दोन गोष्टी मात्र आराखडा करताना कृपया लक्षात घ्याव्यात. पहिली, प्रशिक्षणाची वेळ केवळ शाळेच्या सोयीची नसावी. नोकरी करणारे वडील आणि मुलाला दिवसभर सांभाळणारी आजी यांना वगळून फक्त आईला शिकवले, तर घरात पद्धत एक राहत नाही आणि सगळा भार एकाच व्यक्तीवर पडतो. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. पालकांकडे दुसरी थेरपिस्ट म्हणून पाहू नये. संध्याकाळचा तासभर टेबलाशी बसवून ‘सत्र’ घ्यायला सांगितले, की मूल आणि आई दोघेही त्या तासाला भिऊ लागतात. जे शिकवायचे ते कपडे घालताना, जेवताना, बाहेर निघताना बसेल असे असावे.

वाचा_भाषा_कक्ष

पालकांना बरोबरीचे स्थान देण्याचा विचार या क्षेत्रात सहजासहजी आलेला नाही. स्वमग्नतेचे मूळ आईच्या थंड वागण्यात आहे, असा समज एकेकाळी तज्ज्ञांमध्येही होता आणि त्याने असंख्य कुटुंबांना अकारण अपराधी ठरवले. एरिक शॉप्लर यांनी तो समज नाकारून पालकांना सहउपचारक मानले आणि त्या भूमिकेवर उभा राहिलेला, स्वमग्न व्यक्ती आणि त्यांच्या कुटुंबांसाठीचा टीच हा कार्यक्रम 1972 पासून अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात राज्यव्यापी झाला. वरील ताईंनी दिलेला इशारा त्याच विचाराला पूरक आहे: सहउपचारक म्हणजे बरोबरीने निर्णय घेणारा, गृहपाठ करून आणणारा नव्हे.

आपण चित्रकार्डांचा उल्लेख केला आहे, म्हणून माझ्या विषयातील एक मुद्दा थोडा विस्ताराने मांडतो. अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी 1985 मध्ये विकसित केलेल्या पेक्स या चित्रविनिमय पद्धतीच्या पहिल्या टप्प्यात दोन प्रौढ लागतात. एक जण मुलासमोर त्याच्या आवडीची वस्तू घेऊन बसतो आणि दुसरा मुलाच्या मागे बसून, तोंडातून शब्दही न काढता, चित्र उचलून समोरच्याच्या हातात देण्यास मुलाला हाताने मदत करतो. मुलाने स्वतः हात पुढे करेपर्यंत मागच्याने थांबायचे असते आणि समोरच्याने ‘काय हवे?’ असे विचारायचे नसते, कारण विचारले की मूल प्रश्नाची वाट पाहायला शिकते. हे कागदावर सोपे दिसते. प्रत्यक्षात जवळजवळ प्रत्येक प्रौढ, मग तो शिक्षक असो वा पालक, न राहवून तो प्रश्न विचारतोच, आणि कोणीतरी शेजारी उभे राहून ते लक्षात आणून दिल्याशिवाय ही सवय सुटत नाही. शिक्षक पुढे आणि पालक मागे, मग जागांची अदलाबदल, असा सराव करून घेतला, तर एकत्र प्रशिक्षण घ्यावे का या आपल्या प्रश्नाचे उत्तर पहिल्याच सत्रात मिळेल.

टॅबलेटवरील संवाद-ॲप किंवा चित्रफलक वापरणाऱ्या मुलांबाबतही हेच. प्रशिक्षणात बहुतेक वेळ बटणे कशी जोडावीत यावर जातो. खरी गरज असते ती प्रौढांनी स्वतः बोलताना त्या फलकावर बोट ठेवत बोलण्याची. ज्या भाषेत त्याच्याशी कोणी बोलतच नाही, ती भाषा मूल उचलणार कशी? आणि एखादी गोष्ट दाखवून झाल्यावर दहा सेकंद शांत राहून वाट पाहणे, हे तर घड्याळ लावूनच शिकवावे.

रचनेचा नमुना हवा असल्यास, जागतिक आरोग्य संघटनेचा काळजीवाहकांसाठीचा कौशल्य-प्रशिक्षण कार्यक्रम अवश्य पाहावा. विकासात विलंब किंवा अक्षमता असलेल्या 2 ते 9 वर्षे वयाच्या मुलांच्या कुटुंबांसाठी तो आहे आणि त्यात 9 गटसत्रांना 3 गृहभेटींची जोड दिलेली आहे. माझ्या मते त्या गृहभेटी हाच त्याचा कणा आहे.

वर्ग_सहायक

एका गोष्टीचा उल्लेख अजून आलेला नाही. मुलासोबत दिवसातील सर्वाधिक वेळ सहायक, मदतनीस आणि वाहनातील सेविका असतात आणि प्रशिक्षणाच्या यादीत त्यांची नावे क्वचितच असतात. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग व्यक्तींच्या हक्कविषयक कराराच्या कलम 24 मध्येही शिक्षणाच्या सर्व स्तरांवरील व्यावसायिक आणि कर्मचारी यांच्या प्रशिक्षणाची अपेक्षा व्यक्त केली आहे. शिक्षिका मदत कमी करत असताना सहायक सवयीने मुलाचा बूट पूर्ण घालून देत असेल, तर शिक्षिकेचे प्रशिक्षण कितीही चांगले असले तरी मूल पुढे सरकत नाही. आम्हालाही त्या छोट्या गटात घ्यावे, ही विनंती.

प्रशिक्षण_समन्वयक

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल आभारी आहे. सहायकांचा मुद्दा आराखड्यात सर्वांत वर घेत आहे. मूल्यमापनाच्या प्रश्नावर मात्र अजून मार्गदर्शन हवे आहे. संचालक मंडळ आकडे मागते आणि अभिप्राय-पत्रकाव्यतिरिक्त माझ्याकडे दाखवण्यासारखे काही नसते.

शिकवणाऱ्यांचा_शिक्षक

दोन नोंदी ठेवाव्यात आणि त्या एकमेकींशेजारी ठेवून वाचाव्यात. पहिली नोंद प्रौढाची. शिकवलेल्या कौशल्याच्या पायऱ्यांची एका पानाची यादी करून, प्रत्यक्ष वर्गात किंवा घरी पाहताना कोणत्या पायऱ्या झाल्या आणि कोणत्या सुटल्या, एवढेच त्यावर टिपायचे. ही पाहणी प्रशिक्षणापूर्वी एकदा, लगेच नंतर एकदा आणि काही महिन्यांनी पुन्हा एकदा झाली पाहिजे, कारण तिसऱ्या पाहणीशिवाय काय टिकले हे कळत नाही. घरी जाणे शक्य नसेल, तर पालकांच्या संमतीने त्यांनीच मोबाइलवर घेतलेले छोटे चित्रीकरण पुरते. दुसरी नोंद मुलाची: त्याच कृतीतील किती पायऱ्या त्याने कोणाच्याही मदतीविना केल्या.

प्रौढाच्या यादीतील पायऱ्या पूर्ण होत असूनही मुलाची नोंद हलत नसेल, तर उद्दिष्ट किंवा पद्धत त्या मुलासाठी योग्य नाही आणि आराखडाच बदलायला हवा. प्रौढाच्याच पायऱ्या सुटत असतील, तर दोष मुलाला देण्याचा प्रश्न उरत नाही, तेथे पुन्हा सराव आणि मार्गदर्शन द्यावे. मंडळापुढे हे दोन आलेख ठेवावेत. पाहणीची यादी शिक्षकांच्या वार्षिक मूल्यांकनाशी मात्र कदापि जोडू नये, हे मंडळाकडून आधीच लेखी मान्य करून घ्यावे. आपण सुरुवातीला व्यक्त केलेली परीक्षेची भीती याच जोडणीतून निर्माण होते, आणि ती एकदा बसली की पाहणीच्या दिवशी सगळे बिनचूक होते आणि दुसऱ्या दिवसापासून थांबते.