आयसीयूतलं किचन फीड बंदच करायला हवं का?

चिंचवडकर:
मागच्या पावसाळ्यात वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. गिळता येईना म्हणून नाकातून राइल्स ट्यूब घातली. ११ दिवस आयसीयू. नळीतून द्यायचं जेवण हॉस्पिटलच्या किचनमध्येच बनायचं, तेच किचन फीड. सकाळी सातला त्याचा झाकणाचा स्टीलचा जग यायचा. मूगडाळीचं पाणी, दूध, केळं, साखर, चमचाभर तेल, सगळं मिक्सरमधून काढून गाळलेलं. दर दोन तासांनी त्यातलं २०० मिली सिरिंजने नळीत. जग खिडकीच्या कट्ट्यावर, आणि दुपारी एकच्या फीडलाही तोच जग. एकदा झाकण काढून वास घेतला, तर विरजणाकडे झुकलेला. तिसऱ्या दिवसापासून जुलाब. विचारलं तर उत्तर, "फीड सूट होत नाहीये."

सुई दुसऱ्यांदा वापरली तर आपण बोंब मारतो, आणि सहा तास बाहेर पडलेलं दूध-केळं आजारी माणसाच्या पोटात ओततो! माझं मत स्पष्ट आहे. आयसीयूत किचन फीड बंद करा, कंपनीचं डबाबंद द्या, हवं तर बिलात लावा.

सोलापुरी डाएटिशियन:
सहा तास कट्ट्यावर हे वाचून अंगावर काटा आला. मिक्सरमधलं फीड बाहेर दोन तासांवर ठेवायचं नाही, हे आमच्याकडे इंटर्न मुलीही जाणतात. तुमचा राग रास्त आहे. पण "डबाबंद द्या" म्हणालात तिथे जरा थांबा.

डबा म्हणजे पावडर, आणि पावडर निर्जंतुक नसते. २००१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत टेनेसीतल्या एका रुग्णालयात, नवजात शिशूंच्या आयसीयूत, अपुऱ्या दिवसांचं एक बाळ मेंदूज्वराने गेलं. मग तिथल्या ४९ बाळांची तपासणी झाली. १० जणांत तोच जिवाणू सापडला, काहींत संसर्ग म्हणून, बाकीच्यांत नुसताच शरीरात वस्तीला. तेव्हा त्याला एंटरोबॅक्टर साकाझाकी म्हणत, आता क्रोनोबॅक्टर म्हणतात. दुधाच्या पावडरचे डबे तपासले, तर त्याच बॅचच्या न उघडलेल्या डब्यातही तो निघाला. म्हणजे सील फोडायच्या आधीच आत होता. पुढे २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की बाळांची पावडर निदान ७० अंशांच्या पाण्यात कालवा. मोठ्यांच्या पावडरच्या डब्यावर मात्र बहुधा "कोमट पाणी" असंच छापलेलं असतं. कोमट पाण्यात काही मरत नाही.

चिंचवडकर:
ते बाळ अपुऱ्या दिवसांचं होतं. माझे वडील ७१ वर्षांचे. एका बॅचवरून सगळे डबे बाद ठरवणार असाल, तर एका जगावरून मी सगळी किचनं बाद ठरवतो. बरं, पावडर नको. तयार द्रवाच्या सीलबंद पिशव्या मिळतात ना? त्या द्या.

लेस्टरची सिस्टर:
मी इकडे इंग्लंडमध्ये वॉर्डात आहे. आम्ही त्याच वापरतो. पिशवी टांगायची, सेटचं, म्हणजे जोडनळीचं, टोक थेट तिच्यात घुसवायचं, लेबलवर तारीख-वेळ लिहायची. २४ तास झाले की पिशवी आणि सेट दोन्ही कचऱ्यात, आत किती का उरलेलं असेना. मधे ओतणं नाही, ढवळणं नाही, माझी बोटंसुद्धा लागत नाहीत. हाच द्रव बाटलीतून दुसऱ्या भांड्यात ओतला की मुदत आठ तासांवर येते, आणि पावडर कालवली तर चार. पदार्थ तोच, फरक उघडण्याचा. चिंचवडकरांच्या बाजूने माझं एक मत.

पैशाचं बोला:
ताई, तिकडे बिल सरकार भरतं. आमच्या सांगलीच्या आत्याला पोटातून नळी आहे, १४ महिने झाले. दिवसाला दीड लिटर लागतं. पिशव्या लावल्या असत्या तर सहा महिन्यांत शेत विकावं लागलं असतं. वहिनी नाचणीचं सत्त्व, मूगडाळ आणि अंड्याचा पांढरा बलक एकत्र करून घालते. एकदाही जुलाब नाहीत. आणि परदेशी कारखान्यांचं कौतुक पुरे. २०२२ मध्ये मिशिगनमध्ये ॲबट कंपनीच्या बाळांच्या पावडरच्या कारखान्यात हाच क्रोनोबॅक्टर सापडला, उत्पादन बंद पडलं आणि अमेरिकेत दुकानांतून बाळांचं दूध गायब झालं.

सोलापुरी डाएटिशियन:
वहिनींना नमस्कार सांगा! पण त्या घरी एका माणसाचं, ताजं, स्वतःच्या भांड्यात करतात. किचन फीडची सगळ्यात चांगली परिस्थिती तीच. मिशिगनचं मात्र पुरतं सांगा. कारखान्यात जिवाणू सापडला हे खरं, पण आजारी पडलेल्या ज्या दोन बाळांचे नमुने जनुकीय पातळीवर ताडून पाहता आले, ते कारखान्यातल्या जिवाणूशी जुळले नाहीत.

नाइट ड्युटी:
दुपारपासून सगळे जगावर आणि डब्यावर भांडतायत, सिरिंजचं नाव कोणी काढत नाही. फीड घालायची मोठी सिरिंज तीन-तीन दिवस एकच चालते. फीड झालं की नळाच्या पाण्याने खळखळायची आणि ओलीच ट्रेमध्ये टाकायची. दट्ट्याच्या रबराखाली दुधाचा पांढरा थर धरतो, नखाने खरवडून बघा. आता त्या सिरिंजमधून तुमची निर्जंतुक पिशवी घाला नाहीतर अमृत घाला.

पिशवीला पंप लागतो, नाहीतर थेंब मोजत कोणीतरी उभं राहावं लागतं. रात्री आम्ही दोघी आणि बेड बारा. वर नातेवाईक. शहाळ्याचं पाणी तर रोजचंच. एका काकांनी आईला नळीतून तीर्थ घातलं, कुठून आणलेलं देव जाणे.

सूक्ष्मदर्शी:
मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये काम करतो, म्हणून हिशेब मांडतो. उबदार, गोड, प्रथिनं असलेल्या द्रवात ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू जोरात असेल तर २० मिनिटांत दुप्पट होतो. सहा तासांत १८ वेळा. एकाचे २,६२,१४४. प्रत्यक्षात सुरुवातीला तो जरा रेंगाळतो, पण सुरुवातही एकापासून होत नाही. शिवाय नळीच्या आत चिकट थर बसतो, तो पाणी मारून निघत नाही. म्हणजे ताजं फीडसुद्धा जुन्या थरावरून घसरत पोटात जातं.

निरोगी पोटात आम्ल यातलं बरंच मारतं. आयसीयूत बहुतेकांना ॲसिडिटीची इंजेक्शनं चालू असतात, तिथे तो पहारा ढिला पडतो. नळी थेट लहान आतड्यात असेल, तर पहारा वाटेत येतच नाही.

पण चिंचवडकर, जुलाब फीडमुळेच झाले असं मी म्हणणार नाही. अँटिबायोटिक्सनी होतात. नळीतून पातळ औषधं देतात, त्यात गोडीसाठी घातलेल्या सॉर्बिटॉलनेही होतात. शौचाची तपासणी झाली होती का? क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलसाठी, म्हणजे अँटिबायोटिक्सनंतर जुलाब करणाऱ्या जिवाणूसाठी?

चिंचवडकर:
डिस्चार्जची फाइल काढून बघितली. पँटोप्राझोल, म्हणजे ते ॲसिडिटीचं औषध, रोज दोनदा. अँटिबायोटिक्स दोन. शौचाची तपासणी कुठेच नाही. तेव्हा फीडमुळे नाही झाले, हेही कोणाला सांगता येणार नाही. जगाचा वास मी स्वतः घेतला होता. पिशवी महाग असेल, पण तिच्यावर वेळ लिहिलेली असते. जगावर काय लिहिलं होतं? बेड नंबर, तोही खडूने.

सोलापुरी डाएटिशियन:
हे मात्र शंभर टक्के मान्य. आमच्याकडे जग बंद करून २०० मिलीच्या उकळलेल्या बाटल्या केल्या. एका वेळेला एक बाटली, वर वेळ. फीड फ्रिजमध्ये चार अंशांवर, बाटली वॉर्डात त्या-त्या वेळेलाच जाते. उरलं तर फेकायचं. किचनचे मामा महिनाभर कुरकुरले, आता स्वतःच लेबलं चिकटवतात. खर्च बाटल्यांचा आणि एका फ्रिजचा. पिशव्या ज्यांना खरंच लागतात त्यांना द्या, आतड्यात नळी असलेले, प्रतिकारशक्ती गेलेले. बाराच्या बारा बेडना कशाला?

नाइट ड्युटी:
बाटल्या छान आहेत हो मॅडम. रात्री दोनची बाटली किचनमधून कोण आणतं, तेवढं सांगा. आमच्याकडे किचनला साडेनऊला कुलूप लागतं.