शब्दचर्चा : ‘पॉझिटिव्हिझम’साठी मराठीत एकच शब्द पुरेल का?

चाळीसगावहून विचारणा

मी विधी शाखेच्या पहिल्या वर्षाला मराठी माध्यमातून विधिशास्त्र, म्हणजे कायद्यामागचा तात्त्विक विचार, शिकवते. यंदाच्या सराव परीक्षेत ‘ऑस्टिनच्या सकारात्मकतावादाचे परीक्षण करा’ असा प्रश्न छापून आला. ऑस्टिन हा एकोणिसाव्या शतकातला इंग्रज विधिशास्त्रज्ञ. ‘पॉझिटिव्हिझम’चे हे भाषांतर यंत्राने केलेले होते आणि ते आम्हा कोणाच्याच ध्यानात आले नाही, हे कबूल करते. एका विद्यार्थ्याने सरळ लिहिले की, न्यायाधीशाने निराश न होता पक्षकारांकडे आशेने पाहावे, असे ऑस्टिन सांगतो. आधी हसू आले, पण गुण कापताना हात अडला, कारण प्रश्नात जे लिहिले होते त्याचेच उत्तर त्याने दिले होते. पुस्तकांत प्रत्यक्षवाद, प्रत्यक्षार्थवाद, विध्यर्थवाद असे निरनिराळे शब्द आढळतात. समाजशास्त्राचे सहकारी ‘प्रत्यक्षार्थवाद’ म्हणतात. कायद्यातही तोच चालवावा का?

जळगावहून उत्तर

मॅडम, चालवू नये, असे माझे मत आहे. वकिली करताना रोज कलमांशी गाठ पडते, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

लॅटिनमध्ये ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणे आणि ‘पोझितुम’ म्हणजे ठेवलेले, घालून दिलेले. कायद्याच्या परिभाषेत हा शब्द आला तो याच अर्थाने : निसर्गतः सिद्ध असलेला नव्हे, तर कोणीतरी घालून दिलेला कायदा. जॉन ऑस्टिनने १८३२च्या आपल्या ग्रंथात कायदा म्हणजे सार्वभौमाची आज्ञा आणि ती मोडल्यास भोगावी लागणारी शिक्षा, अशी मांडणी केली, तेव्हा कायदा अस्तित्वात आहे की नाही हा एक प्रश्न आणि तो चांगला की वाईट हा निराळा प्रश्न, एवढेच त्याला ठासून सांगायचे होते. पुढे इंग्रज विधिशास्त्रज्ञ हार्टने १९६१मध्ये आज्ञेची कल्पना मोडीत काढली, पण ही फारकत मात्र कायम ठेवली. आपल्या अहिराणीत सांगायचे तर ‘शे’ (आहे) आणि ‘जोयजे’ (पाहिजे) यांची गल्लत करू नये, इतकेच.

आता संस्कृतात पाहा. ‘धा’ म्हणजे ठेवणे. त्याला ‘वि’ उपसर्ग लागला की विधी, विधान, विहित हे शब्द होतात. ‘पोझितुम’ आणि ‘विहित’ यांची घडण जवळजवळ एकाच साच्यातली आहे. तेव्हा ‘विहित कायदा’ आणि त्यावरून ‘विहितविधिवाद’ हा शब्द मला सर्वांत नेमका वाटतो. संविधानाच्या जीवित व व्यक्तिगत स्वातंत्र्याविषयीच्या अनुच्छेद २१च्या मराठी पाठात ‘कायद्याद्वारे प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ असे शब्द आहेत. त्यातला ‘प्रस्थापित’ हाही त्याच कुळातला अर्थ सांगतो. गोपालन खटल्यात १९५० साली सर्वोच्च न्यायालयाने तिथला ‘कायदा’ म्हणजे विधिमंडळाने केलेला कायदा, नैसर्गिक न्यायाची तत्त्वे नव्हेत, असा अर्थ लावला, आणि १९७८च्या मनेका गांधी खटल्यात ती कार्यपद्धती न्याय्य व वाजवीही असली पाहिजे, असे ठरले. हा सगळा वाद ‘प्रत्यक्ष’ या शब्दातून विद्यार्थ्यांपर्यंत पोचतच नाही.

अमळनेरहून

वकीलसाहेबांच्या मताला माझा दुजोरा आहे. मात्र ‘विध्यर्थवाद’ या शब्दाला मूठमाती द्यावी, ही जोड त्याला देतो. व्याकरणात विध्यर्थ म्हणजे ‘करावे’, ‘जावे’, ‘चोरी करू नये’ असे कर्तव्य सांगणारे रूप. म्हणजे ज्याला ‘जोयजे’ बाजूला ठेवायचे आहे, त्याच्याच मताला आपण ‘जोयजे’चे नाव देतो. ‘विधायकवाद’ही नको, विधायक कार्य म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे श्रमदान येते.

समाजशास्त्रातला शब्द फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्युस्त काँतपासून आला. १८३०पासून १८४२पर्यंत त्याने आपला सहा खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि मानवी ज्ञान आधी दैवी, मग तात्त्विक आणि अखेर शास्त्रीय अवस्थेत येते, असे मांडले. फ्रेंचमध्ये तो जेव्हा ‘पोझितिफ’ म्हणतो, तेव्हा त्याला खरे, निश्चित, उपयोगी असे काहीतरी अभिप्रेत असते. घालून दिलेले नव्हे. आमच्या गावात १९१६पासून तत्त्वज्ञान मंदिर आहे, त्यामुळे ‘प्रत्यक्ष’ म्हटले की इथल्या माणसाला आधी प्रमाणचर्चा, म्हणजे ज्ञान कोणत्या साधनाने होते याची चर्चा, आठवते. प्रत्यक्ष हेच एकमेव प्रमाण मानणारा तो चार्वाक. काँत मात्र घटनांच्या मागचे नियम शोधतो, आणि अनुमान टाकून नियम हाती लागत नाहीत. म्हणून नुसता ‘प्रत्यक्षवाद’ टाळावा. ‘प्रत्यक्षार्थवाद’ तुलनेने बरा, पण निर्दोष नव्हे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खेमने १८९७मध्ये आत्महत्येसारखा अगदी खासगी वाटणारा विषय घेऊन प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक समाजांतले आकडे शेजारी-शेजारी मांडले. त्यातली समाजबंधांची सैल वीण काही डोळ्यांना प्रत्यक्ष दिसत नव्हती.

धुळ्याहून

अपराधशास्त्राकडे कोणी वळले नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. इटालियन विचारवंत बेक्कारियाने १७६४मध्ये आणि पुढे इंग्लंडच्या बेंथमने शिक्षेचा विचार केला तो माणूस सुखदुःखाचा हिशेब करून गुन्हा करतो असे धरून. त्याविरुद्ध इटलीत लोंब्रोसो, फेरी आणि गारोफालो उभे राहिले. त्यांच्या संप्रदायालाही पॉझिटिव्हिस्टच म्हणतात. त्यांच्या मते गुन्ह्याची कारणे गुन्हेगाराच्या शरीरात, मनात आणि परिस्थितीत शोधायला हवीत. लोंब्रोसोने १८७६च्या ग्रंथात जन्मजात गुन्हेगाराची कल्पना मांडली. कवटीच्या मागच्या भागातला खळगा, पुढे आलेला जबडा अशा खुणा तो मोजत असे. इंग्लंडमध्ये चार्ल्स गोरिंगने सुमारे ३,००० कैद्यांची मोजमापे घेऊन १९१३मध्ये असा वेगळा शारीरिक साचा नसल्याचे दाखवले. आपल्या सिद्धान्ताला मोजमापानेच उत्तर मिळाले, हे लोंब्रोसोला पाहायला मिळाले नाही. तो १९०९ साली वारला होता.

यातला पेच असा : विधिशास्त्रात बेंथम ऑस्टिनसारखाच पॉझिटिव्हिस्ट आणि अपराधशास्त्रात तो पॉझिटिव्हिस्टांचा प्रतिपक्ष. एकच मराठी शब्द दोन्हीकडे वापरला, तर विद्यार्थी बेंथमला स्वतःविरुद्ध भांडायला लावतील. लोंब्रोसोचे नाते काँतशी आहे, ऑस्टिनशी नाही. त्यामुळे ‘प्रत्यक्षार्थवादी संप्रदाय’ तिथे चालेल.

एक दुरुस्ती ओघात करतो, कारण भाषणांत ही चूक वारंवार ऐकू येते. गुन्हेगार जमाती कायदा लोंब्रोसोच्या विचारातून आला, असे म्हणतात. तो कायदा १८७१चा, लोंब्रोसोचा ग्रंथ त्यानंतर पाच वर्षांनी. धंदा जसा जातीने चालतो तसा गुन्हाही चालतो, ही समजूत इथल्या इंग्रज अंमलदारांकडे आधीपासूनच होती. युरोपातल्या शास्त्राने तिला नंतर टेकू मिळाला, एवढेच फार तर म्हणता येईल. ३१ ऑगस्ट १९५२ला तो कायदा गेला आणि ‘विमुक्त’ हा शब्द आला. शब्दचर्चेत त्याची स्वतंत्र नोंद व्हायला हवी.

चाळीसगावहून

सर्वांचे आभार. आता एकच गाठ उरते. ऑस्टिन रूढीला ‘पॉझिटिव्ह मोरॅलिटी’ म्हणतो. न्यायालयाने किंवा सार्वभौमाने उचलून धरेपर्यंत ती त्याच्या लेखी कायदा नव्हे. इथे काय म्हणावे?

जळगावहून

‘लोकविहित नीती’. कापूस मोजताना व्यापारी क्विंटलमागे जी कट्टी (वजनातली वजावट) कापतो, ती कोणत्याही कायद्यात लिहिलेली नसते, तरी ती कापलीच जाते आणि शेतकरी कुरकुरत सोसतो. लोकांनीच घालून दिलेली, म्हणून विहित. सार्वभौमाने नव्हे, म्हणून कायदा नाही. तिला ‘नीती’ म्हणणे शेतकऱ्याला रुचणार नाही, पण ऑस्टिनच्या त्या शब्दातही रीत चांगली असल्याचा दाखला नाही.

चाळीसगावहून

हा शब्द घेते. वर्गात निम्मी मुले कापूसवाल्यांच्या घरची आहेत, त्यांना कट्टी समजावून सांगावी लागणार नाही. आमच्या विभागाने तो प्रश्न रद्द धरून सर्वांना त्याचे गुण दिले आहेत. पुढच्या परीक्षेत ‘ऑस्टिनचा विहितविधिवाद’ असे छापू आणि खाली कंसात मूळ इंग्रजी शब्द देवनागरीत ठेवू.