घरी केलेलं केसांचं तेल: झालं हे कसं ओळखता? अनुभव सांगा

अंगणातली:
परसात माका माजलाय. दरवर्षी या दिवसांत तेल करते, पण गेल्या वर्षीची दोन लिटरची बरणी टाकून द्यावी लागली. गाळलं तेव्हा रंग सुरेख, काळपट हिरवा. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला झाकण उघडलं तर खवट भपका, तळाशी पाण्याचे थेंब आणि त्यांच्याभोवती बुरशीचे पांढरे तंतू. आईचं तेल वर्षभर टिकायचं. ती म्हणायची, "बोलायचं थांबलं की उतरव." तिला तेव्हा नीट विचारलं नाही, आता विचारायची सोय नाही. तुम्ही कसं करता? फसलेले प्रयोग तर आवर्जून लिहा.

ओटीवरची:
अगो, बोलणं म्हणजे चरचर! पाल्यात पाणी आहे तोवर तेल चरचरतंच. आम्ही मालवणकडचे. माका, जास्वंदीची पानं-फुलं, ब्राह्मी पाट्यावर वाटून घाण्यावरच्या खोबरेलात घालतो. चरचर थांबली की सासूबाई चमच्यावर चोथा काढून निववायच्या, चिमटीत धरून त्याची वात वळायच्या आणि चुलीत धरायच्या. तडतडली तर कढई परत चुलीवर. न तडतडता पेटली की तेल झालं. मी गॅसवर तेच करते. सून लांबूनच बघते, तिला वाटतं मी घर पेटवणार.

काढेवाला:
आयुर्वेदाचा विद्यार्थी आहे. वरची वातीची परीक्षा आमच्या अभ्यासातही आहे. शार्ङ्गधर संहितेतलं माप असं: कल्काच्या चौपट तेल, तेलाच्या चौपट द्रव. म्हणजे पाव किलो वाटलेला पाला, 1 लिटर तेल आणि तब्बल 4 लिटर रस किंवा काढा! एवढं पाणी मंद आचेवर आटवायचं, त्यामुळे घाईच्या माणसाने या वाटेला जाऊ नये. शेवटी तेलावर फेस येतो. तुपाचं उलटं, तिथे फेस जिरतो. मी पहिल्यांदा केलं तेव्हा फेस आलेला दिसला, पण फोन वाजला. परत येईतो चोथा कोळसा. त्या तेलाचा वास उशीच्या अभ्र्याला महिनाभर होता.

पुणेकर मुलगा:
माझी गोष्ट छोटी. तापलेल्या तेलात कोरफडीचा गर टाकला. ओट्यामागच्या टाइल्स, छत, माझं मनगट, सगळीकडे तेल. फोडाचा डाग अजून आहे. गर आणि थंड तेल एकत्र चढवायचं असतं हे आई नंतर म्हणाली. (आधी का नाही, हा आमच्या घरातला जुना वाद.)

थंडीतली:
मी जर्मनीत. इथे खोबरेल जवळजवळ वर्षभर दगड, कारण ते साधारण 24 अंशांखाली गोठतं. म्हणून तिळाचं तेल घेते. ताजा माका कुठला मिळायला? वाळलेली पावडर आणते. ती तळाशी बसून दोनदा करपली. आता मोठ्या पातेल्यात पाणी उकळून त्यावर तेलाचं भांडं ठेवते. पण हे पावडरीपुरतंच हं. ओल्या पाल्यातलं पाणी असं आटत नाही, तिथे थेट आचच हवी.

स्पष्ट बोलणारी:
दुधात मिठाचा खडा टाकते, सॉरी. केस मूठमूठ गळत होते म्हणून वर्षभर घरचं तेल चोपडलं. शेवटी रक्त तपासलं तर लोह तळाला गेलेलं. गोळ्यांनी गळणं थांबलं. बहिणीला कोंडा होता, तिचा तेलाने वाढला. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं की कोंड्यामागची बुरशी तेलावरच पोसते. आता मी तेल लावते ते आवडतं म्हणून, औषध म्हणून नाही.

अंगणातली:
सगळ्यांचं वाचलं. संध्याकाळी माका उपटला, धुतला. गेल्या वर्षी धुतलेला तसाच ओला वाटला होता, शिवाय चरचर ऐकायला मी ओट्यापाशी होते कुठे? या वेळी पंचावर पसरून सुकवला. कढई आठला चढवली, आता साडेदहा. अजून बोलतेय.

ओटीवरची:
झाकण ठेवलं असशील तर काढ आधी. वाफेचं पाणी परत तेलात पडतं.

अंगणातली:
ठेवलं होतं. काढलं.